गुरुवारची माणसं

तेरेझा नाक्यांझी भल्या पहाटे घरून निघाली होती. पिशवीत उकडलेला कसावा, केळीच्या पानात बांधलेलं शेंगदाण्याचं कालवण आणि पाण्याची बाटली. टेकडीवरच्या मिशनच्या हॉस्पिटलात जायचं तर दिवसभराची बेगमी करून जायची, ही तिची वीस वर्षांची सवय. बोडावाल्याने मोटरसायकल फाटकाशी उभी केली. तेरेझा उतरली, गोमेसीचा, घोळदार झग्याचा, पट्टा तिने पुन्हा आवळला आणि एचआयव्हीच्या दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही.

आत शमीम नावाची तरुण नर्स होती, सगळ्या म्हाताऱ्यांना जज्जा, म्हणजे आजी, म्हणणारी. तिने वजन केलं, ब्लड प्रेशर पाहिलं, खोकला आहे का, रात्री घाम येतो का विचारलं आणि गोळ्यांच्या बाटल्या पुढे सरकवल्या.

"झालं, जज्जा. या आता सहा महिन्यांनी."

"झालं?"

"झालं ना! रक्ताचा रिपोर्ट झकास आहे. सासू दिसली की जावई लपतो ना, तसा लपलाय तुमचा विषाणू. यंत्रालासुद्धा सापडत नाही."

"डॉक्टर नाही बघणार मला?"

"कशाला? काही दुखतंय का?"

"दुखत नाही गं."

"मग धडधाकट माणसानं हॉस्पिटलात काय करायचं? घरी जा, केळीची बाग बघा."

तेरेझा बाहेर आली. ऊन अजून समोरच्या छपरावरही आलं नव्हतं. आंब्याखालच्या बाकावर ती बसली, पिशवी मांडीवर घेतली. कसावा अजून गरम होता. पहारेकरी दोनदा तिच्यापुढून गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

"जज्जा, कुणाला भेटायचंय का?"

"नाही रे बाबा."

"मग कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. बसलेय जरा."

त्याने मान हलवली. म्हातारी माणसं अशीच, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याचं काय चुकलं? तो लहान होता तेव्हा या आंब्याखाली पाय ठेवायला जागा नसायची, हे त्याला कोण सांगणार?

तेरेझा पहिल्यांदा या टेकडीवर आली ती स्वतःच्या पायांनी नाही. भावाने तिला सायकलच्या मागे बांधून आणलं होतं. नवरा आधीच्याच वर्षी गेला होता. अंगावर नुसती कातडी राहिली होती, आणि गावात बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या, "हिलाही स्लिमनं धरलं, त्या वाळवणाऱ्या रोगानं." बायकांच्या वॉर्डात एका खाटेवर दोघी दोघी झोपलेल्या होत्या, एकीचं डोकं दुसरीच्या पायांशी. खाटा संपल्या म्हणून तेरेझाची चटई जमिनीवर, दोन खाटांच्या मधल्या बोळात पडली. पडल्या पडल्या तिला दिसायचा तो वरच्या खाटेवरून लोंबणारा एक हात. तो हात जस्टिन नाबुकालूचा. पण जुळ्यांच्या आईला इथे कोणी नावाने हाक मारत नाही, म्हणून तीही सगळ्यांची नालोंगोच.

नालोंगोचा नवरा पुरुषांच्या वॉर्डात होता. तो गेला ते तिला कुणी लगेच सांगितलं नाही. तिने ते स्वतःच ओळखलं. कारण तिची नणंद सकाळी पेज घेऊन आली ती एकच मग घेऊन. नालोंगो रडली नाही. पेज अर्धी प्यायली आणि उरलेला मग तिने खाली लोंबत्या हाताने तेरेझापुढे धरला.

"घे. माझ्याच्यानं जात नाही."

"मला नको."

"अगं बये, आढेवेढे घ्यायची ही जागा आहे का? घे मुकाट्यानं. सांडली तर तुझ्याच डोक्यावर सांडेल."

त्या मगावर त्यांची मैत्री झाली. पुढे रोजच नालोंगोच्याने अर्धी पेज जायची नाही. जायची, पण ती जात नाही म्हणायची.

तो काळच तसा होता. संध्याकाळी रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचायला लागले की चुलीवरची मटोकेची कच्ची केळी शिजून व्हायची तरी नावं संपायची नाहीत. हॉस्पिटलच्या फाटकासमोर सुतारांची ओळ होती. सगळे शवपेट्याच करायचे, आणि वॉर्डातल्या बायकांना त्यांच्या रंध्याचा आवाज ऐकू यायचा. माणसं हॉस्पिटलात यायची ती बरी व्हायला नाही. घरी मेलं तर गावभर बोभाटा होतो, हॉस्पिटलात मेलं तर घरी नेताना लाज कमी वाटते, असलं काहीतरी लोक बोलायचे.

मग गोळ्या आल्या. सगळ्यांना एकदम मिळाल्या नाहीत, पण तेरेझा आणि नालोंगो या दोघींना एकाच आठवड्यात मिळाल्या. दोघी उभ्या राहिल्या, भिंतीला धरून चालल्या, आणि घरी गेल्या. दर गुरुवारी गोळ्यांचा दवाखाना असायचा. आधी पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, मग महिन्याच्या.

त्या गुरुवारांची मजा काय सांगावी! दूरदूरच्या गावांतून माणसं अंधारात निघायची. पहिल्यापहिल्यांदा बायका डोक्यावरून कापड ओढून यायच्या, रस्त्यात कोणी ओळखीचं दिसलं तर दाताच्या डॉक्टरकडे चाललोय म्हणायच्या. ते कापड आंब्याखाली आल्यावर निघायचं. इथे लपवायचं कुणापासून? रांग दुपारपर्यंत हलायची नाही, तोवर चटया विणून व्हायच्या, भांडणं व्हायची, भांडणं मिटायची. एका बाजूला भजनाचा गट बसायचा. दुसऱ्या बाजूला कोणत्या विधुराला कोणती विधवा शोभेल याची चर्चा चालायची. त्यातून तीन लग्नं जमली, त्यातलं एक मोडलं. कुणाच्या अंगावर मूठभर मांस चढलं की बायका त्याचं कौतुक करत त्याच्या दंडाला चिमटे काढायच्या.

आणि काड्डू होता. जन्मभर मसाका-कंपाला रस्त्यावर बस चालवलेला माणूस. रांग फार वेळ थांबली की तो बाकावर चढून कंडक्टरसारखा ओरडायचा, "चला, चला, चला! स्वर्गाची डायरेक्ट गाडी! एकच सीट रिकामी! कोण चढतंय?" सगळे हात नाचवून म्हणायचे, "कुणी नाही!" मग काड्डू कपाळावर हात मारायचा. "पॅसेंजरच नाही! गाडी रद्द!" नव्याने आलेल्या माणसाला धक्का बसायचा. पुढच्या महिन्यात तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, "कुणी नाही!"

मग माणसं बरी झाली, आणि बरी झाली तशी पांगली. कुणी पुन्हा दुकान घातलं, कुणी कॉफी लावली. गोळ्या तीन महिन्यांच्या मिळू लागल्या, पुढे कोविडच्या साथीच्या वर्षात सहा महिन्यांच्या. ज्याची त्याची तारीख वेगळी पडली. काड्डू गेला तो म्हातारपणाने. त्याच्या अंत्ययात्रेला आंब्याखालची जी मंडळी जमली ती एकमेकांच्या कानात अभिमानाने सांगत होती, "म्हातारपणानं गेला, बरं का! नुसत्या म्हातारपणानं!" नालोंगो त्याआधीच कंपालाला मुलाकडे, वास्वाकडे, गेली होती, नातवंडं सांभाळायला. सुरुवातीला फोन यायचे. मग तिचा फोन बदलला, तेरेझाचा पाण्यात पडला, आणि ते राहूनच गेलं.

बाकावर बसून हे सगळं मनात घोळवताना तेरेझाला स्वतःचीच गंमत वाटली. असल्या दिवसांची कुणाला आठवण येते का? पण येत होती. ती उठणार इतक्यात खिडकीतून शमीमने हाक मारली.

"जज्जा, अजून आहात? बरं झालं. तुम्ही इथल्या जुन्या. जस्टिन नाबुकालू ओळखता का?"

"नालोंगो? हे काय विचारणं झालं!"

"तिची तारीख उलटून फार दिवस झाले. फोन बंद आहे. फाइलवर तुमचंच नाव लिहिलंय, काही लागलं तर हिला विचारा म्हणून."

"ती तर कंपालाला असते. तिथेच घेत असेल गोळ्या."

"तिथे नाव नाही लावलेलं. आम्ही चौकशी केली."

 कसाव्याची पिशवी उचलून तेरेझा फाटकाबाहेर आली. समोर सुतारांची दुकानं अजून होती, पण आता तिथे पलंग, सोफे आणि आरशाची कपाटं मांडलेली होती. एका पलंगाला हात लावून नवं जोडपं भाव करत होतं. तिने बोडावाल्याला हाक मारली आणि नालोंगोच्या गावाचं नाव सांगितलं.

"ते तर उलट्या बाजूला, जज्जा."

"मला माहीत आहे कुठल्या बाजूला ते. चल."

घर बंद असेल असंच तिला वाटलं होतं. पण दार नुसतं लोटलेलं होतं. अंगणात केळीची वाळकी पानं साचलेली, कोंबडी एक नाही. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दोन महिने झाले येऊन. मलेरिया आहे म्हणते. कुणाला आत येऊ देत नाही."

तेरेझा आत गेली. कोपऱ्यातल्या गादीवर जे माणूस पडलेलं होतं ते बघून तिला क्षणभर वाटलं, मधली वीस वर्षं कुणी पुसून टाकली. तेच खोल गेलेले डोळे, त्याच गालांच्या वाट्या.

"कोण ते?" नालोंगोने विचारलं, आणि ओळखल्यावर तोंड भिंतीकडे केलं. "तू होय. मला वाटलं मेलीस."

"मी का मरेन? मी गोळ्या घेते."

नालोंगो उठायला गेली. खोकल्याची उबळ आली ती फार वेळ थांबली नाही. तेरेझाने तिला पाठीशी धरून बसवलं. पाठीचा एकेक मणका हाताला लागत होता.

"कधीपासून सोडल्यास?"

"वर्ष झालं असेल."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? सगळं बघितलंस, सगळं भोगलंस, आणि—"

"ओरडू नकोस. ओरडायला माझी सासू होती, ती गेली." नालोंगोने दम घेतला. "सुनेला माहीत नव्हतं. वास्वानं तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही. शहरातली पोर, शिकलेली, बँकेत नोकरी. माझ्या मांडीवर तिची लेकरं. तिनं लेकरं काढून घेतली असती तर? बाटली हलवली की गोळ्या खुळखुळ वाजायच्या, म्हणून मी आत कापूस कोंबायची. संडासात जाऊन गिळायची. गोळ्या आणायला इकडे यायचं तर दर वेळी नवं खोटं. कधी मावशी आजारी, कधी जमिनीचं काम. एकदा यायचं चुकलं, तरी काही झालं नाही. अंगात ताकद होती. मनात म्हटलं, बघू."

"आणि?"

"आणि हे बघितलं. खोकला सुटेना, तेव्हा लेकरांना लागायला नको म्हणून इकडे निघून आले. गावी करमतंय म्हणून सांगितलं त्यांना."

 पिशवीतला कसावा तेरेझाने काढला, कालवणात बुडवून एकेक तुकडा भरवला. तीन-चार तुकडे गेले. मग तिने आणि बोडावाल्याने मिळून नालोंगोला मोटरसायकलवर मधोमध बसवलं, आणि मागे तेरेझा तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसली. खड्डा आला की नालोंगो कण्हायची आणि बोडावाल्याला शिव्या द्यायची. त्या शिव्या ऐकून तेरेझाला बरं वाटत होतं.

वॉर्ड तोच होता, पण बघून दोघी बावचळल्या. एका खाटेवर एकच बाई. दोन खाटा तर रिकाम्याच, पांढरी चादर घातलेल्या. एका म्हातारीचा पाय साखरेने चिघळलेला, एकीला ब्लड प्रेशरने झटका आलेला, एक पित्ताशयाच्या ऑपरेशनची वाट बघत असलेली, आणि खिडकीपाशी मोडलेल्या हाताची एक पोरगी, रिटा नावाची, मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. तपासणीत नालोंगोला फुप्फुसाचा क्षय निघाला. चार दिवस तिला बाजूच्या वेगळ्या खोलीत, उघड्या खिडक्यांशी ठेवलं, मग औषध लागू पडायला लागल्यावर पुढे वॉर्डाच्या टोकाला आणलं. तेरेझा सोबतीला राहिली. दिवसा मागच्या ओट्यावर शेगडी पेटवून पेज करायची, कपडे धुवायची, गवतावर वाळत घालायची.

तरुण डॉक्टर किग्गुंडूंनी तेरेझाला बाजूला घेतलं.

"तुम्ही जवळच्या ना? क्षयाचं औषध सुरू केलंय. दोनेक आठवड्यांनी जुन्या गोळ्याही सुरू करू. होतील बऱ्या. पण जज्जा, हल्ली या आजाराची माणसं इथे दाखल होतात ती बहुतेक अशीच. गोळ्या माहीत नसलेली नाहीत. गोळ्या घेऊन बरी झालेली, आणि मग सोडून दिलेली. कुणी लाजेनं, कुणी कंटाळून, कुणी एखाद्या पाद्रीनं सांगितलं म्हणून."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे येतात तुमच्यासारखे. गोळ्या घेतात आणि पळतात. दाखल झालेच तर साखर, ब्लड प्रेशर, मोडलेलं हाड. सगळ्यांना होतं तेच."

हे तेरेझाने नालोंगोला सांगितलं नाही. पण नालोंगोला कळलं होतं. एका दुपारी ती छताकडे बघत म्हणाली, "तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं गं. या खेपेला मी माझ्या हातानं केलं. तेव्हा मरायची भीती वाटायची. आता बरं व्हायची लाज वाटते."

"लाज वाटू दे. पेज पी."

"गोड नाही."

"साखर घातली तर ती म्हातारी वासानं उठून येईल. तिला मनाई आहे."

नालोंगो हसली. आणि हसताना तिला ते आठवलं. "तेरेझा, तो आयरिश फादर आठवतो? चष्मा जाड काचांचा?"

"त्याला कशी विसरेन? सकाळी यायचा तेल घेऊन, शेवटचं तेल लावायला."

"आणि ती फुलोमेना, बहिणीच्या सोबतीला आलेली..."

"बहीण अंगणात गेली होती ऊन खायला!"

"...आणि ही तिच्या खाटेवर ढाराढूर झोपलेली. फादरनं कपाळाला तेल लावलं, तळहाताला लावलं, लॅटिन म्हणायला लागला..."

"...आणि ही उठून बसली! फादरच किंचाळला!"

"ती म्हणाली कशी, फादर, मी गेले का? मग मला माझा मटोके आधी खाऊ द्या!"

दोघी हसत सुटल्या. नालोंगोला खोकला आला, तरी हसू थांबेना. खिडकीपाशी बसलेल्या रिटाने मोबाईल खाली ठेवला.

"जज्जा, तुम्ही हसताय काय! केवढं भयंकर होतं ते!"

"हो बाळा, भयंकरच होतं," नालोंगोने डोळे पुसले. "त्या कोपऱ्यात होती ती दाईकाम करणारी नाकिबुउका, तुझ्या खाटेवर दोघी शिक्षिका. सगळ्या गेल्या. कुणाला भाऊ नव्हता, कुणाच्या आईनंसुद्धा तोंड फिरवलं होतं. मग आम्हीच एकमेकींच्या."

"आता नाही होत असं," रिटा म्हणाली. "माझी मावशी पण गोळ्या घेते. कुणाला पत्तासुद्धा नाही. फार्मसीतून घेऊन सरळ ऑफिसला जाते."

"चांगलं आहे," तेरेझा म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण ती मावशी दुपारभर कुणाशी बोलत असेल, हा विचार तिच्या मनातून जाईना.

मुलाला कळवायचं नाही, असं नालोंगोने बजावलं होतं. तेरेझाने ऐकून घेतलं, ओट्यावर गेली आणि शमीमच्या फोनवरून वास्वाला कळवलं. शनिवारी तो आला. सोबत त्याची बायको प्रॉस्कोव्हिया, उंच टाचांची, हातात फळांची टोपली. नालोंगोने सुनेला बघितलं आणि चादर हनुवटीपर्यंत ओढली. प्रॉस्कोव्हिया खाटेशी आली, सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून तिने सासूची विचारपूस केली, आणि उठलीच नाही.

"ऊठ गं. कपडे खराब होतील," नालोंगो म्हणाली. "मलेरिया झाला होता जरा."

वास्वा जमिनीकडे बघत उभा होता. प्रॉस्कोव्हियाने चादरीची घडी नीट केली.

"आई, तुमच्या त्या कापूस घातलेल्या बाटल्या मी पहिल्याच महिन्यात बघितल्या होत्या. कपाट आवरताना."

नालोंगोने चादर हनुवटीवरून खाली घेतली.

"मला वाटलं, तुम्हाला बोलायचं नाही, तर आपण कशाला बोलावं? म्हणून मी गप्प बसले. मीच कापसाची गुंडाळी कपाटात ठेवायची, तुमची संपली की. तुम्हाला कळलं नाही का कधी?" तिने पुन्हा तीच घडी सारखी केली. "मग गुंडाळी संपेनाशी झाली. तेव्हा मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही डबी बदलली असेल."

"तुला... राग नाही आला? लेकरं माझ्याजवळ..."

"माझी आई अशाच वॉर्डात गेली. मी बालवाडीत होते. तेव्हा गोळ्या नव्हत्या. आमच्या घरात ती बाटली वाजली असती तर तो आवाज ऐकत मी मोठी झाले असते, आई."

वास्वा बाहेर निघून गेला. तेरेझाला वाटलं आपणही जावं, पण नालोंगोने तिचा हात घट्ट धरला होता. दुसऱ्या हाताने ती सुनेच्या डोक्यावरचे केस उगाच सारखे करत होती.  मग पलीकडची साखरेची म्हातारी म्हणाली, "त्या टोपलीत अननस आहे का?" आणि सगळ्यांना हसू फुटलं.

नालोंगोला हॉस्पिटलातून सोडलं तेव्हा मे महिन्यातला पावसाळा संपत आला होता. कंपालाला परत चल म्हणून वास्वाने आग्रह केला, पण तिने ऐकलं नाही. क्षयाचं औषध पुरं होईपर्यंत ती तेरेझाकडे राहणार होती, मग आपल्या घरी. शहरात जीव घुसमटतो, आणि सुट्टीत लेकरांना इकडे पाठवा, असं तिने ठणकावलं.

औषध आणायला गेल्यावर तेरेझाने शमीमपुढे अर्ज केला. "आमची तारीख एक कर. गुरुवारची."

"मी तर म्हणते, तुमच्या भागातले चार-पाच जण मिळून गट करा. दर वेळी एकानं यायचं, सगळ्यांच्या गोळ्या न्यायच्या. बाकीच्यांना यायलाच नको!"

"न यायची सोय तू फार छान करतेस गं पोरी. जमायची काही सोय असेल तर सांग."

शमीम हसली, पण तिने ऐकलं. गट झाला. त्यात नालोंगो, तेरेझा, एक गवंडी, बाजारात टोमॅटो विकणारी एक तरुण बाई आणि रिटाने मागे लागून आणलेली तिची ती मावशी. गोळ्या आल्या की, आणि मधेही महिन्यातून एका गुरुवारी, तेरेझाच्या केळीच्या बागेत जमायचं ठरलं. खरं सांगायचं तर पहिला गुरुवार फसला. गवंडी गोळ्या घेऊन उभ्याउभ्याच निघाला, टोमॅटोवालीचा फोन सतत वाजत होता. नालोंगोने काड्डूच्या गाडीची गोष्ट सांगितली तर मावशी कसनुसं हसली. तिला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नव्हतं. सगळे गेल्यावर तेरेझा चटया गुंडाळत म्हणाली, "तसं नाही होणार गं आता."

"कसं होईल? ही माणसं मरायला टेकलेली नाहीत. यांना कामं आहेत."

"असू देत बाई. कामंच असू देत."

पुढच्या खेपेला मावशी जरा आधी आली. तिने येताना शेंगदाणे आणले होते आणि ती अंधार पडायच्या आधी गेली नाही. तिच्या ऑफिसातल्या साहेबाबद्दल तिला बोलायचं होतं. खूपच बोलायचं होतं.

नोव्हेंबरात हिरव्या नाकतोड्यांचे थवे आले तेव्हा वास्वा, प्रॉस्कोव्हिया आणि लेकरं नालोंगोच्या घरी सुट्टीला आली होती. तेरेझाही गेली. ओसरीवर सगळी जणं तळून खायच्या नाकतोड्यांचे पंख आणि पाय खुडत बसली. प्रॉस्कोव्हियाला त्यांचा स्पर्श सहन होत नव्हता. ती चिमटीत एकेक धरून ओरडत होती आणि लेकरं तिला वेडावत होती. कढईत नाकतोडे तडतडायला लागले तेव्हा नालोंगोने घड्याळाकडे बघितलं, कमरेची बाटली काढली आणि सगळ्यांच्या देखत हलवली. आत कापूस नव्हता.

"ते काय आहे, जज्जा?" धाकट्या नातवाने विचारलं.

"माझं औषध."

"कशाचं?"

नालोंगोने सुनेकडे बघितलं. प्रॉस्कोव्हियाने मीठ-कांदा कढईत टाकला आणि म्हणाली, "जज्जाला विचार. ती सांगेल नीट."

"बस इथे," नालोंगो म्हणाली. "मोठी गोष्ट आहे. या तेरेझा जज्जानं माझी अर्धी पेज खाल्ली तिथून सुरू होते."

"खाल्ली? कोंबलीस तू माझ्या तोंडात!" तेरेझा म्हणाली. "नीट सांग, नाहीतर मी सांगते."

लेकरू दोघींच्या मधे बसलं. प्रॉस्कोव्हियाने पाण्याचा पेला आणून सासूच्या हातात दिला.